लेकींनी चालवलेला वंश

रेसच्या घोड्यांच्या जगात एक गमतीचा नियम आहे. एकाच बापाची दोन शिंगरं एकमेकांची भावंडं धरली जात नाहीत. एकाच आईच्या पोटची असतील तरच ती भावंडं. कारण उघड आहे. नावाजलेला नर एका हंगामात शंभरावर घोडींना लावला जातो. त्यांची सगळी पोरं भावंडं मानायची तर अर्धा रेसकोर्स एकाच घरचा निघेल. घोडी मात्र वर्षाला एकच शिंगरू देते. असं असूनही महालक्ष्मीचं रेसबुक घ्या नाहीतर केंटकीच्या लिलावाचा कॅटलॉग, आधी नाव छापलं जातं ते बापाचं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या गप्पा रंगतात त्याही बापाच्याच. नातं आईवरून आणि मोठेपणा बापावरून. हा व्यवहार आपल्यालाही काही नवा नाही.

सेक्रेटरिएटची गोष्ट याच चालीवर सांगितली जाते. बोल्ड रूलरचा मुलगा, १९७३च्या अमेरिकन ट्रिपल क्राउनचा, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यतींचा मानकरी, बेलमाँट स्टेक्समध्ये ३१ लेंग्थ्सनी, म्हणजे घोड्याच्या ३१ लांब्यांनी जिंकलेला घोडा. आणि पुढे, स्टड फार्मवर फुसका बार. या गोष्टीचा शेवट मला अजिबात मान्य नाही. सुरुवातही अर्धीच वाटते.

बापाकडूनच सुरू करू, म्हणजे कुणाची तक्रार नको. बोल्ड रूलर आठ वेळा उत्तर अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा सायर, म्हणजे पैदाशीचा नर, ठरला होता. त्याचा बाप नसरुल्लाह, जन्म १९४०चा, डोक्याने तिरसट म्हणून प्रसिद्ध. हे शिंगरू पैदा केलं तिसऱ्या आगाखानांनी. पुण्यातला येरवड्याचा आगाखान पॅलेस ज्यांचा, तेच हे. कस्तुरबांच्या समाधीमुळे आपल्याला तो वाडा माहीत असतो, पण त्याचा मालक इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकलेला माणूस होता, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यांनी १९२२ साली ९,१०० गिनी मोजून एक करडी, ठिपक्याठिपक्यांची घोडी घेतली आणि तिचं नाव ठेवलं मुमताज महल. ती वाऱ्यासारखी पळायची. तिची मुलगी मुमताज बेगम आणि मुमताज बेगमचा मुलगा नसरुल्लाह. म्हणजे सेक्रेटरिएटच्या बापाकडच्या वंशावळीत चार पावलं मागे गेलं, तरी वेग आणणारी एक घोडीच भेटते. बोल्ड रूलरची मालकीणही बाईच होती, ग्लॅडिस फिप्स.

आता आई. समथिंगरॉयल जन्मात एकदाच शर्यतीत उतरली आणि मागे राहिली. पळणं तिच्या नशिबात नव्हतं, पण पोट सोन्याचं होतं. तिचा आधीचा मुलगा सर गेलॉर्ड १९६२च्या केंटकी डर्बीसाठी फेव्हरिट मानला जात होता. ऐन वेळी पाय दुखावला. त्याच सर गेलॉर्डचा मुलगा सर आयव्हर १९६८ साली एप्सम डर्बी जिंकला. अशी ही घोडी व्हर्जिनियातल्या डॉस्वेल गावच्या ‘द मेडो’ या फार्मवर होती. फार्म क्रिस्टोफर चेनरी या उद्योगपतीचं. फिप्स घराण्याशी त्याचा एक करार होता. बोल्ड रूलरची फी द्यायची नाही. दोन वर्षं दोन-दोन घोड्या त्याच्याकडे पाठवायच्या आणि होणारी शिंगरं नाणेफेक करून वाटून घ्यायची. जो जिंकेल त्याला पहिल्या वर्षीच्या शिंगरांतून आधी निवड, जो हरेल त्याला दुसऱ्या वर्षी.

१९६९ साली नाणं उडवायची वेळ आली, तेव्हा पहिल्या वर्षीची दोन शिंगरं समोर होती. दुसऱ्या वर्षीची एक घोडी, सिकाडा, गाभण राहिलीच नव्हती. म्हणजे एकूण तीनच शिंगरं. जिंकणाऱ्याला एक, हरणाऱ्याला दोन. त्यामुळे दोन्ही बाजूंना हरायचं होतं. नाणेफेक हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले लोक इतिहासात फार नसतील. फिप्स घराण्याकडून ऑग्डेन फिप्स जिंकले. त्यांनी समथिंगरॉयलचीच काही महिन्यांची मुलगी उचलली. तिचं नाव द ब्राइड; ती आयुष्यात एकही शर्यत जिंकली नाही. हरलेल्या बाजूला मिळालं समथिंगरॉयलच्या पोटात असलेलं, अजून न जन्मलेलं शिंगरू.

हरलेली बाजू म्हणजे पेनी ट्वीडी, माहेरची चेनरी. कोलंबिया बिझनेस स्कूलमध्ये शिकलेली, कोलोरॅडोत संसार करणारी, चार मुलांची आई. १९६७ मध्ये तिची आई वारली, वडिलांची स्मृती गेली, ते दवाखान्यात होते आणि फार्म तोट्यात होतं. भावंडांचं म्हणणं, विकून मोकळं व्हा. व्यवहाराने पाहिलं तर ते चुकीचंही नव्हतं. पेनीने जुना ट्रेनर काढला, हिशेबाच्या वह्या समोर घेतल्या आणि कामाला लागली. ट्रेनर म्हणून आधी रॉजर लॉरिन आला. त्याला फिप्सांनी बोलावून घेतल्यावर तात्पुरती सोय म्हणून त्याचे वडील ल्यूसियन लॉरिन आले. ते निवृत्तीच्या बेतात होते. अमेरिकेतला सर्वात गाजलेला घोडा असा बदलीवरच्या माणसाच्या हाती लागला.

३० मार्च १९७०ला, मध्यरात्र उलटून दहा मिनिटं झाली असताना समथिंगरॉयल व्याली. वय अठरा, म्हणजे घोडीच्या मानाने उताराचं. शिंगरू तांबडं, तीन पायांत पांढरे मोजे, कपाळावर चांदणी. नाव ठेवायलाही त्रास झाला. एकामागून एक नावं जॉकी क्लबने परत पाठवली. शेवटी फार्मची सेक्रेटरी एलिझाबेथ हॅम हिने सुचवलेलं ‘सेक्रेटरिएट’ हे नाव मंजूर झालं.

पहिल्या शर्यतीत, ४ जुलै १९७२ला, त्याला सुरुवातीलाच धक्का बसला आणि तो चौथा आला. नंतर मात्र गाडी अशी लागली की दोन वर्षांचा असतानाच तो ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला. त्याच वर्षी त्याच तबेल्यातल्या रिव्हा रिजने केंटकी डर्बी आणि बेलमाँट जिंकून फार्म बुडता बुडता वाचवलं होतं. रिव्हा रिजचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. पण शेजारच्या खोलीत सेक्रेटरिएट उभा असेल तर दुसरं काय होणार?

या दोन्ही घोड्यांचा मोतद्दार एकच, एडी स्वेट. दक्षिण कॅरोलायनातल्या हॉली हिल गावचा, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातला, नऊ भावंडांपैकी एक. पोरवयातच लॉरिन यांच्या तबेल्यात लागला. खरारा, चारा, पायांच्या पट्ट्या, प्रवास, सगळं त्याच्याकडे. रेसच्या जगात घोड्याच्या अंगाला दिवसभर हात लावणारा माणूस तोच असतो. कुठला पाय आज गरम लागतोय हे मालकाच्या आधी, बहुधा डॉक्टरच्याही आधी, त्याला कळतं. बक्षिसाच्या रकमेत त्याचं नाव मात्र कुठेच नसतं. जॉकी रॉन टर्कॉट कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमधला, आधी लाकूडतोड्या. केंटकी हॉर्स पार्कमधल्या पुतळ्यात घोड्याबरोबर टर्कॉट आणि स्वेट दोघेही आहेत. निदान ब्राँझमध्ये तरी मोतद्दाराला जागा मिळाली.

जानेवारी १९७३ मध्ये क्रिस्टोफर चेनरी वारले आणि वारसाकर दारात उभा राहिला. पैसा हवा तर घोडा विकायला हवा. क्लेबोर्न फार्मची सूत्रं नुकतीच हाती आलेल्या, पंचविशीही न गाठलेल्या सेथ हॅनकॉकने त्याच्या पैदाशीच्या हक्काचे प्रत्येकी १,९०,००० डॉलरचे ३२ शेअर खपवले. एकूण ६०,८०,००० डॉलर, त्या काळचा विक्रम. घोडा तोवर तीन वर्षांचा म्हणून एकदाही पळाला नव्हता. एप्रिलच्या वूड मेमोरियलमध्ये तो तिसरा आला. नंतर कळलं, तोंडात गळू झालं होतं.

केंटकी डर्बीबद्दल एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. शर्यत सव्वा मैलाची, म्हणजे पाव मैलाचे पाच तुकडे. घोडे सुरुवातीला जोर लावतात आणि शेवटी मंदावतात. सेक्रेटरिएटने पहिला तुकडा २५.२ सेकंदांत, दुसरा २४, तिसरा २३.८, चौथा २३.४ आणि पाचवा २३ सेकंदांत काढला. शर्यत संपेपर्यंत त्याचा वेग वाढतच होता. एकूण वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद. तो विक्रम आजही मोडलेला नाही.

९ जून १९७३ची बेलमाँट दीड मैलाची. घोडे पाचच. शॅम हा खराखुरा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी, तो डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये दुसरा आला होता. पहिला पाऊण मैल दोघं इतक्या वेगाने धावले की जाणकारांना वाटलं, दोघंही मरणार. शॅम खरंच संपला. शेवटी पाचवा आला. सेक्रेटरिएट २ मिनिटं २४ सेकंदांत पोहोचला. टर्कॉटने शेवटच्या टप्प्यात मान वळवून वेळेच्या बोर्डाकडे पाहिलं तो फोटो प्रसिद्ध आहे. मागे बघायला घोडाच नव्हता. दोन डॉलरच्या तिकिटावर वीस सेंट नफा मिळत होता, तरी ५,६१७ जिंकलेली तिकिटं कुणी वटवलीच नाहीत. लोकांनी ती आठवण म्हणून ठेवली. २५ वर्षांनी ट्रिपल क्राउन झाला होता. याच घोड्याला पुढच्या काही महिन्यांत ओनियन आणि प्रूव्ह आउट या बेताच्या घोड्यांनी हरवलं, हेही सांगायला हवं. एकूण २१ शर्यती, १६ विजय.

नोव्हेंबरात स्वेटने त्याला क्लेबोर्नला नेऊन सोडलं आणि अपेक्षांचा बाजार सुरू झाला. पहिल्या तपासणीत बीजच कच्चं निघालं. खात्री करायला थरोब्रेड नसलेल्या घोड्या आणल्या आणि या राजपुत्राचं पहिलं शिंगरू झालं लिओला नावाच्या एका अपालूसा घोडीला! पुढे साडेसहाशेच्या आसपास पोरं झाली. रायझन स्टारने १९८८ची प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकली, किंग्स्टन रूलने १९९०चा मेलबर्न कप. सर्वात नाव काढलं ते मात्र एका मुलीने, लेडीज सीक्रेटने. १९८६ची ‘हॉर्स ऑफ द इयर’ तीच. पण बाजाराला हवा होता दुसरा सेक्रेटरिएट, आणि त्याचे मुलगे स्टडवर बापाचं नाव पुढे नेऊ शकले नाहीत. झालं, शिक्का बसला.

१९८९च्या ४ ऑक्टोबरला खुराच्या असाध्य दुखण्यामुळे त्याला मरण द्यावं लागलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. थॉमस स्वेर्झेक यांना आत जे हृदय दिसलं ते नेहमीच्या दुपटीहून मोठं. वजन केलं नाही, पण त्यांचा अंदाज २२ पाउंडांचा, म्हणजे दहा किलोचा; एरवी ते चार किलोच्या आसपास असतं. रोगाने फुगलेलं नव्हतं, निरोगीच होतं. त्यावरून एक मत पुढे आलं की मोठ्या हृदयाचं वाण आईकडच्या एक्स गुणसूत्रातून येतं, म्हणून नर ते मुलांना देऊच शकत नाही, फक्त मुलींना देतो. हे सिद्ध झालेलं नाही आणि मी त्यावर पैज लावणार नाही. पण मुलींचं काम बघायला गुणसूत्रांची गरज नाही.

मुलगी टर्लिंग्वा, तिचा मुलगा स्टॉर्म कॅट. एके काळी त्याची फी एका शिंगरामागे पाच लाख डॉलर होती. मुलगी सीक्रेटेम, तिचा मुलगा गॉन वेस्ट. मुलगी वीकेंड सरप्राइज, तिचा एक मुलगा समर स्क्वॉल १९९०ची प्रीकनेस जिंकला आणि दुसरा ए. पी. इंडी. आजच्या अमेरिकन थरोब्रेडमध्ये यातलं एकही नाव नसलेली वंशावळ शोधायला बसलात तर बराच वेळ जाईल. मुलगे चालले नाहीत म्हणून अशा घोड्याला अपयशी ठरवणाऱ्यांनी वंशावळीचं अर्धं पान वाचलेलंच नाही, एवढंच मी म्हणेन.

१९९२ साली ए. पी. इंडीने बेलमाँट जिंकली आणि वर्षाअखेर तोच ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला. मुलींच्या पोरांच्या कमाईवर ठरणारी आजोबांची क्रमवारी असते. त्या वर्षी उत्तर अमेरिकेच्या त्या यादीत पहिलं नाव सेक्रेटरिएटचं होतं.