तान्ह्या बाळाचा लंगोट

पहिले अपत्य घरात येणार म्हणून जोडपे पाळण्याचा विचार करते, नावाचा करते, बारशाला कोणास बोलवावयाचे याचाही करते. लंगोटाचा विचार मात्र बहुधा बाळ घरी आल्यावर पहिल्या रात्रीच सुरू होतो. वस्तुतः पहिल्या महिन्यात दूध पाजणे वगळले, तर लंगोट बदलण्याइतके वारंवार करावे लागणारे दुसरे काम नाही. नवजात अर्भक चोवीस तासांत वीस वेळांपर्यंत मूत्रविसर्जन करते, आणि अंगावर पिणारे मूल प्रत्येक पाजण्यानंतर शौचही करू शकते. हे काम घाणीचे, म्हणून हलके, आणि म्हणून घरातील बायकांनी किंवा ठेवलेल्या बाईने करावयाचे, अशी समजूत भारतात सर्वत्र आढळते. ही समजूत टाकून दिली पाहिजे. लंगोट बदलणे हे तान्ह्या मुलाच्या प्रकृतीचे दिवसातून दहा-बारा वेळा होणारे निरीक्षण आहे, आणि ज्याला ते डोळसपणे करता येते त्याला मुलाचे पुष्कळसे आरोग्य हातात आल्यासारखे असते.

प्रथम त्वचेचा विचार करू. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि ही आम्लता हेच तिचे पहिले संरक्षण होय. लंगोटाखालील पुरळ कशाने उठतो, या प्रश्नाचा शोध मोठा उद्बोधक आहे. १९२१ साली कूक या अमेरिकन वैद्याने लंगोटात अमोनिया उत्पन्न करणारा जंतू दाखवून दिला आणि अमोनिया हाच अपराधी ठरला. ओल्या लंगोटाचा तो झणझणीत वास नाकात शिरल्यावर ही गोष्ट कोणासही पटण्यासारखीच होती. पन्नास वर्षांहून अधिक काळ वैद्यकाची पुस्तके तेच सांगत राहिली. पुढे १९७७ साली पुरळ उठलेली आणि न उठलेली अशा दोन्ही प्रकारच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा त्यांच्या लंगोटांतील अमोनियात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. १९८६ च्या सुमारास खरा उलगडा झाला. मळातील जंतूंमुळे मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो. त्याने त्वचेची आम्लता घटते. आणि आम्लता घटताच मळातील प्रथिने व स्निग्ध पदार्थ पचविणारी एंझाइमे जोर धरून त्वचेवरच आपले काम सुरू करतात. म्हणजे मूत्र एकटे असता फारसे नडत नाही, मळ एकटाही थोडा वेळ सहन होतो. दोहोंची गाठ पडून वर ओल व घर्षण यांची भर पडली की कातडी सोलवटते.

यावरून आचरणाचा नियम आपोआप निघतो. शौच झाल्यावर लंगोट तत्काळ बदलावा; नुसता ओला असल्यास दोन-तीन तासांपलीकडे ठेवू नये. कोमट पाणी व मऊ सुती कापड पुरेसे असते. प्रत्येक वेळी साबण लावल्याने उलट आम्लता नाहीशी होते. मुलीला पुसताना हात पुढून मागे न्यावा, म्हणजे मळ मूत्रमार्गाकडे जाणार नाही. मुलाच्या शिश्नाची त्वचा ओढून मागे सारण्याचा खटाटोप करू नये. पुसल्यावर अंग टिपून कोरडे करावे आणि काही मिनिटे उघडे राहू द्यावे. हे ‘उघडे राहू देणे’ घाईच्या पालकांना वेळेचा अपव्यय वाटते. पण कोणत्याही डब्यातील मलमाहून ते अधिक गुणकारी आहे. लाली दिसू लागल्यास झिंक ऑक्साइडचे मलम किंवा व्हॅसलीन जाडसर लावावे. टाल्कम पावडर मात्र लावू नये. तिचा बारीक धुरळा मुलाच्या श्वासावाटे फुप्फुसात जातो. दोन-तीन दिवसांत लाली ओसरली नाही, किंवा जांघेच्या वळ्यांत गडद तांबडेपणा येऊन भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर तो बहुधा कँडिडा या बुरशीचा उपद्रव असतो आणि तो डॉक्टरांस दाखवावा. औषधाच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाची नळी या जागी वापरणे हा धोक्याचा प्रकार आहे, आणि तो या देशात दुर्दैवाने फार प्रचारात आहे.

लंगोट बांधण्याविषयी दोनच गोष्टी. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, लंगोटाची वरची कड बेंबीच्या खाली दुमडावी आणि बेंबी कोरडी ठेवावी. तिच्यावर राख, तेल, हळद असे काही घालू नये. दुसरी गोष्ट मांड्यांची. मुलाचे पाय सरळ करून दुपट्यात घट्ट गुंडाळले म्हणजे ते शांत झोपते हे खरे. परंतु त्यामुळे खुब्याचा सांधा निसटण्याचा संभव वाढतो. जपानमध्ये नवजात मुलांचे पाय ताणून बांधण्याची चाल होती. १९७५ साली तेथे ती सोडून देण्यासाठी राष्ट्रव्यापी मोहीम निघाली आणि पूर्वी शंभरांत एक ते तीन मुलांत आढळणारा हा दोष हजारी दोनच्या आसपास आला. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. केवळ आज्यांनी लंगोट सैल बांधला. मूल कडेवर घेण्याची भारतीय पद्धत खुब्याला हितकारक आहे. तिचा लाभ घट्ट दुपट्याने वाया घालवू नये.

आता कापड की डायपर, हा वादाचा प्रश्न. जुन्या धोतराचे व लुगड्याचे मऊ लंगोट, बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या कांथा, हिंदी मुलुखात पोतडे, अशी ही परंपरा देशभर आहे. अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड नव्या कापडाहून श्रेष्ठ, हे आजीला प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. डायपरची कुळकथा त्याहून अर्वाचीन. १९६१ साली अमेरिकेतील पिओरिया शहरात फेकून देण्याच्या डायपरची चाचणी-विक्री झाली. आणि योगायोग असा की त्याच शहरातील सरकारी कृषी प्रयोगशाळेत पुढे मक्याच्या पिठापासून पाणी विलक्षण शोषणारा पदार्थ तयार करण्यात आला. आजच्या डायपरात असते ते सोडियम पॉलिॲक्रिलेट हे बहुवारिक त्याच जातीचे. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते. मूत्रातील क्षारांमुळे ही शक्ती बरीच उतरते, तरी तीस-चाळीस पट उरतेच.

या शोषक डायपरने त्वचा कोरडी राहते आणि पुरळ कमी उठतो, हे मान्य केले पाहिजे. कापडाच्या अभिमानापोटी ते नाकारणे शास्त्राला धरून नाही. रात्रीची सलग झोप, आगगाडीचा प्रवास, दवाखान्यातील खोळंबा अशा वेळी डायपर ही खरोखरीची सोय आहे. परंतु ज्या गुणामुळे डायपर विकला जातो तोच त्याचा दोषही आहे: तो ओल लपवितो. कापड ओले झाले की मूल रडते, हाताला कळते, अंथरुणाला कळते. डायपर गप्प राहतो. मग सकाळी घातलेला डायपर ‘अजून भरला नाही’ म्हणून दुपारपर्यंत राहतो, महागडा म्हणून संध्याकाळपर्यंतही राहतो, आणि शोषकतेने दिलेले संरक्षण काटकसरीने हिरावले जाते. म्हणून पहिल्या महिन्यात तरी दिवसा घरी कापड आणि रात्री व प्रवासात डायपर, ही वाटणी शहाणपणाची ठरेल.

ओल कळण्याला इतके महत्त्व का, हे पहिलटकरणीला कोणी सांगत नाही. मुलाला दूध पुरते की नाही, ही तिची मोठी चिंता असते. शेजारणी व नातलग ‘दूध कमी आहे’ असा निकाल देऊन मोकळ्या होतात, आणि पावडरीचा डबा घरात येतो. याला उत्तर लंगोटांच्या मोजणीत आहे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले होत असतील आणि मूल वजनाने भरत असेल, तर दूध पुरते आहे असे निःशंक समजावे. डायपर वापरणाऱ्यांनी कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हाताने एकदा तोलून पाहावा, म्हणजे ओल्या डायपरचे वजन ओळखता येते.

मळाचा रंगही वाचता आला पाहिजे. पहिले एक-दोन दिवस तो काळपट हिरवा आणि डांबरासारखा चिकट असतो. मग हिरवट होतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून अंगावरच्या मुलाचा मळ पिवळा व पातळ, दाणेदार होतो. त्याला जुलाब समजून घाबरू नये. पहिल्या काही दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर तो बहुधा युरेट क्षारांचा असतो. दूध वाढताच तो जातो, न गेल्यास विचारावे. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात रक्ताचा थेंब दिसणे हाही आईच्या संप्रेरकांचा परिणाम असू शकतो. भ्यावयाचे ते पांढऱ्या रंगाला. खडूसारखा किंवा मातीसारखा फिकट मळ आणि दोन आठवड्यांनंतरही टिकून राहिलेली कावीळ यांचा अर्थ यकृतातून पित्त नेणाऱ्या नलिका बंद आहेत असा असू शकतो. यावर जपानी शल्यवैद्य मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात काढलेली शस्त्रक्रिया आहे, पण ती जन्मापासून साधारण साठ दिवसांच्या आत झाली तरच तिचा उत्तम उपयोग होतो. तैवानने २००४ पासून प्रत्येक नव्या आईच्या हाती मळाच्या रंगांचे चित्रपत्रक देण्यास आरंभ केला आणि रोग लवकर सापडू लागला. असे पत्रक भारतातील प्रत्येक प्रसूतिगृहाने मातेला घरी जाताना द्यावे, त्याला खर्च कितीसा लागणार!

‘तान्ह्याची शी ती काय घाण’ असे कौतुकाने म्हटले जाते. येथे कौतुक आवरावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, तेथील नवजात अर्भकांच्या मळात रोटाव्हायरस असूनही ती आजारी नव्हती. त्या मळातून वेगळ्या केलेल्या ११६-ई या प्रकारापासून पुढे भारतीय लस तयार झाली आणि २०१६ पासून ती देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आली. मुलांच्या लंगोटातून निघालेले हे राष्ट्रीय धन खरेच. पण त्याचबरोबर हेही सिद्ध होते की, निरोगी दिसणाऱ्या मुलाचा मळही जंतू वाहतो. लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुतलेच पाहिजेत, आणि मळ संडासात टाकला पाहिजे. गटारात किंवा अंगणाच्या कडेला नव्हे.

कापडी लंगोट धुण्याविषयी इतकेच की, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून काढावेत आणि उन्हात वाळवावेत. ब्रिटनच्या २००८ मधील सरकारी पाहणीत अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब डायपरला सुमारे ५५० आणि कापडाला ५७० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा जवळजवळ सारखाच निघाला होता. पण यंत्राऐवजी दोरीवर वाळविणे आणि तेच लंगोट पुढच्या भावंडाला वापरणे एवढ्याने कापडाचा आकडा बराच खाली येतो, असेही तीत म्हटले होते. दोरी आणि पुढचे भावंड या दोन्ही गोष्टी भारतीय घराला शिकवाव्या लागत नाहीत. कोकणातल्या किंवा आसामातल्या पावसाळ्यात मात्र दोरी हार खाते. तेथे दमट लंगोट बांधण्यापेक्षा डायपर बरा.

वापरलेल्या डायपरचे काय करावयाचे, हा प्रश्न घराच्या उंबरठ्याशी संपत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तो वेगळा, नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर आणि त्यासाठी पाकीट पुरविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पाकिटे किती घरी पोहोचली, हे दुकानातला कोणताही पुडा उघडून पाहावे. पुण्यातील कचरावेचक स्त्रियांनी साधा उपाय सुचविला होता: वर्तमानपत्रात गुंडाळून वर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे उघड्या हाताने कोणी तो सोडणार नाही.

राहता राहिला बाप. प्रसूतीनंतर आईला २६ आठवड्यांची रजा देण्याची तरतूद २०१७ साली झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांस १५ दिवस मिळतात, इतर पुष्कळांस तेवढेही नाही. त्या पंधरा दिवसांत पेढे वाटण्यास एक दिवस पुरतो. टाके असलेली, रात्रभर जागलेली बाळंतीण दर दोन तासांनी पाजते. पाजण्याचे काम पुरुषास करता येत नाही, पण त्यानंतरचे सर्व करता येते. त्याला ते जमत नाही असे म्हणून सासू किंवा आई त्याच्या हातून लंगोट काढून घेतात, तेव्हा तो पुढे कधीच शिकत नाही. पहिले चार-पाच लंगोट वाकडे बांधले जातील. मुलाला त्याचे काही वाटत नाही. फक्त ते गळतात, आणि अंथरूण पुन्हा घालावे लागते.