बाळंतविडा कोणाचा?

गेल्या महिन्यांत करंजाडे येथील एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस आलें. गाढी नदीपलीकडील नव्या वसाहतींत घर, सासर-माहेर दोन्ही दूर, आणि पहिलें बाळंतपण श्रावणांत यावयाचें. पनवेलच्या दुकानांतून मिळालेल्या यादींतील काय घ्यावें व काय टाळावें, असा त्यांचा प्रश्न आहे. यादी आम्हीं लक्षपूर्वक वाचली. गाणारा पाळणा, ढकलगाडी, नाना प्रकारचीं मलमें, पावडरी, फिती लाविलेल्या टोप्या यांनीं दोन पानें भरलीं आहेत. बाळंतिणीसाठीं त्यांत एकहि जिन्नस नाहीं.

हें आम्हांस विपरीत वाटतें. अशा प्रसंगीं द्यावयाच्या भेटीस आपल्या भाषेंत 'बाळंतविडा' असें नांव आहे. झबलीं-टोपडीं व कुंची यांबरोबर आईसाठीं लुगडें-खण त्यांत असावयाचाच. किंबहुना नांवच तिचें आहे. दुकानांतला विडा मात्र आतां केवळ बाळाचा उरला आहे. सरकारी विडाहि फारसा निराळा नव्हे. महाराष्ट्र शासनानें २०१९ सालीं सरकारी रुग्णालयांत पहिल्या खेपेस प्रसूत होणाऱ्या स्त्रियांसाठीं 'बेबी केअर किट'ची योजना सुरू केली. कपडे, टॉवेल, तापमापक, मच्छरदाणी, तेल अशा उपयुक्त वस्तू तींत ठेविल्या, पण बहुतेक सारा संच बालकाचाच.

वास्तविक नवजात बालकाच्या गरजा थोड्या. पहिले सहा महिने त्यास आईच्या दुधावांचून कांहीं लागत नाहीं. पाणी नको, मध नको, गुटीहि नको. डॉक्टरांनीं सांगितल्यास गोष्ट निराळी, एरव्हीं दुधाचा डबा व बाटली 'असूं द्यावी' म्हणून आणूं नये. घरांत असली म्हणजे रात्रीं दोन वाजतां ती बाहेर निघते. काजळास फांटा द्यावा. नाळेवर पूड-तेल कांहींहि न लावतां ती कोरडी ठेवावी, आपोआप पडते. लंगोट एरव्हीं दोन डझन पुरले असते, परंतु श्रावणांत कोंकणपट्टींत कपडा वाळणें कठीण, तेव्हां तीन डझन शिवावे. जुन्या धुवट सुती साडीचीं सहा-सात दुपटीं बाजारांतील कोणत्याहि झुळझुळीत पांघरुणापेक्षां बरीं.

दोन वस्तूंविषयीं मात्र कृपणता नको: तापमापक आणि उबदार गुंडाळणी. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत तेथल्याच स्त्रियांस शिकवून 'आरोग्यदूत' केलें. तापमापक, वजनकांटा, बाळास ठेवावयाची उबदार पिशवी व जंतुसंसर्गावरील औषध, एवढीच त्यांची मुख्य सामग्री. पण तीसह घरोघर जाऊन केलेल्या देखरेखीनें तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचे मृत्यु, इतर गांवांच्या तुलनेंत, ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत हें प्रसिद्ध झालें. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविका नेमून दिलेल्या दिवशीं घरीं येऊन बाळाची तपासणी करूं लागल्या. रुग्णालयांतील प्रसूतीनंतर ते दिवस ३, ७, १४, २१, २८ व ४२ हे होत. आपल्या भागांतील आशाताई कोण, तें अंगणवाडींत आधींच विचारून ठेवावें. बाळाचा काखेंतील ताप ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा ३५.५ च्या खालीं आला, तर घरगुती उपाय न करितां डॉक्टरांकडे न्यावें.

आतां आईकडे वळूं. रक्तस्राव चार ते सहा आठवडे कमीअधिक चालतो. त्यासाठीं मोठ्या आकाराच्या पॅडचीं पांच-सहा पुडकीं आणून ठेवावीं. पुढून उघडणारे चार सैल गाऊन, टांके कोमट पाण्यानें धुण्यासाठीं लहान तोटीची बाटली, पाजतांना पाठीशीं घ्यावयास दोन घट्ट उशा, आणि उशाशीं पाण्याचा तांब्या. पाजतांना तहान लागते. बाळंतिणीचें पाणी तोडण्याची जुनी समजूत सोडून द्यावी. लोहाची गोळी रोज एक व कॅल्शियमच्या रोज दोन, असें १८० दिवस चालवावें, हें शासनाचेंच धोरण आहे. अळिवाचे व डिंकाचे लाडू आम्हांसहि प्रिय आहेत, ते अवश्य करावे, पण लाडू खाल्ला म्हणून गोळी चुकवूं नये. वरण-भात, भाकरी, पालेभाजी सारें तिला चालतें. बंद खोलींतील शेगडी व धुरी मात्र नको. तो धूर बाळाच्या छातींत जातो.

राहिली झोप. आमच्या आज्यांच्या काळीं सोयराच्या दहा दिवसांत बाळंतिणीस चुलीपाशीं जाण्याची मनाई असे. कारण कांहींहि सांगितलें जावो, तेवढे दिवस तिला कोणी पोळ्या लाटावयास बसवीत नसे. आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ती चौथ्या दिवशीं पाहुण्यांस चहा करितांना दिसते. गाणाऱ्या पाळण्याचे पैसे वांचवावे आणि त्यांत सव्वा महिना स्वयंपाकाची बाई ठेवावी. बाळ पाहावयास येणाऱ्यांनीं रिकामा डबा मागूं नये, भरलेला आणावा.

तासाभरांत पॅड पूर्ण भिजणें, ताप, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढें अंधारी, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणें, धाप लागणें, यांपैकीं एकहि घडलें तर सकाळची वाट न पाहतां १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ रडूं येत राहिलें, बाळाकडे पाहावेसें वाटेना, तर तोहि आजारच. त्यास हट्ट वा नाटक न म्हणतां डॉक्टरांस सांगावें. हीं वाक्यें यजमानांनीं स्वतः वाचावीं अशी आमची विनंती आहे. त्यांच्याकडे आणखी एक काम सोंपवावें: श्रावणांत उन्हाचा भरंवसा नाहीं, तेव्हां दमट राहिलेल्या लंगोटांवर रोज रात्रीं इस्त्री फिरविण्याचें.