ख्रिस्ती विद्यापीठात अर्ज करताना



खेडच्या एका अम्मींचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी वाणिज्यला आहे. तिला बी.बी.ए. करायचंय आणि ख्राइस्ट विद्यापीठाचं लवासाचं केंद्र तिच्या मनात भरलंय. अम्मी विचारतात, "पाद्र्यांचं विद्यापीठ आहे, मुलीला चर्चमध्ये बसवतील का? आणि ते अल्पसंख्याक, आपणही अल्पसंख्याक, मग आपल्याला कोटा मिळेल ना?" असे प्रश्न अनेक घरांत असतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी कोट्याचं. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यातून येणाऱ्या राखीव जागा त्या संस्थेच्या समाजासाठी असतात, सगळ्या अल्पसंख्याकांसाठी नव्हे. कॅथलिक संस्थेतल्या राखीव जागा ख्रिस्ती मुलांच्या, जशा अंजुमन-ए-इस्लामच्या महाविद्यालयांतल्या मुस्लिम मुलांच्या. आपल्या मुलीला सर्वसाधारण जागांवरच स्पर्धा करायची आहे. तेव्हा अर्जात 'ख्रिश्चन मायनॉरिटी'च्या रकान्यावर खूण करू नका. तिथे पुढे बाप्तिस्म्याचा दाखला मागतात आणि तोवर अर्जाचे पैसे गेलेले असतात. ओबीसी दाखला असलेल्या बागवान, अत्तार, मोमीन घरांनीही लक्षात घ्यावं, की कलम १५(५) नुसार अल्पसंख्याक संस्थांवर सरकारी आरक्षण बंधनकारक नाही. दाखला जवळ ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. या साऱ्या कायद्यातला एक महत्त्वाचा निकाल, २००५ चा, पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाने ओळखला जातो.

आता चर्चचं. कलम २८(३) स्वच्छ सांगतं: सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते, आणि प्रवेशाच्या वेळी बरीच मुलं सतरा वर्षांचीच असतात. खुद्द कॅथलिक चर्चचा नियमही असाच आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये कॅथलिक विद्यापीठांसाठी 'एक्स कॉर्दे एक्लेसिए' हा दस्तऐवज काढला. त्यात प्रत्येकाच्या विवेकस्वातंत्र्याचा पूर्ण आदर करावा असं लिहिलं आहे. समारंभाच्या सुरुवातीला छोटी प्रार्थना होऊ शकते. त्या वेळी अदबीने गप्प उभं राहणं म्हणजे त्या इबादतीत सामील होणं नव्हे, असं मला वाटतं. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी मुलीशी घरीच बोलून घ्यावं, तिला तिथे एकटीला निर्णय घ्यायला लावू नये.

माझ्या मते खरी काळजी चर्चची नाहीच, हजेरीची आणि पोशाखाची आहे. ख्राइस्ट हजेरीच्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध आहे. मुलगा असेल तर जुम्म्याच्या नमाजची वेळ आणि तासिका कशा बसतात, मुलगी असेल तर हिजाब चालतो का, वसतिगृहात हलाल जेवणाची आणि रमजानमध्ये सहरीची सोय काय, हे पैसे भरण्याआधी ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. लेखी उत्तर आलं की त्याची प्रत फाइलला लावा. कुठल्याही संस्थेला असं विचारण्यात अपमान नाही, विचारायला लाजण्यात मात्र पुढे तीन वर्षांचा मनस्ताप आहे.

ख्राइस्ट १९६९ मध्ये बंगळुरात कॉलेज म्हणून सुरू झालं. केरळातल्या सी.एम.आय. या कॅथलिक संघाने ते काढलं. २००८ पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. त्यामुळे प्रवेशपद्धत त्यांची स्वतःची आहे: लेखी परीक्षा, दिलेल्या विषयावर थोडा वेळ बोलून दाखवणं आणि मुलाखत, शिवाय दहावी-बारावीचे गुणही पाहतात. त्यांच्या परीक्षेचं लघुनाव 'सीयूईटी' आहे आणि केंद्र सरकारच्या २०२२ पासूनच्या परीक्षेचंही तेच. एक अर्ज भरून दुसरा भरला असं समजू नका, या दोन पूर्णपणे वेगळ्या परीक्षा आहेत.

आपल्या घरांत एक सवय आहे, "निकाल लागू दे, मग बघू." इथे ती महागात पडते. या परीक्षेच्या फेऱ्या बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी सुरू होतात आणि फेरीगणिक जागा भरत जातात. शिवाय गेली काही वर्षं बोर्डाच्या परीक्षेच्या हंगामातच रमजान येतोय. म्हणून शक्य असेल तर रोजे सुरू होण्याआधीची फेरी निवडा.

कागदपत्रांत आपली मुलं नावावर अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शेख' आधी, आधारवर शेवटी. एकीकडे 'मोहम्मद' पूर्ण, दुसरीकडे 'मोहं.', अब्बांचं नाव रेशनकार्डावर तिसऱ्याच स्पेलिंगने. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहा आणि आधार त्याप्रमाणे आत्ताच दुरुस्त करून घ्या. फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करावं लागतं. त्याला वेळ लागतो, ते जूनवर ढकलू नका. प्रवेश घेताना मूळ प्रमाणपत्रं दाखवून परत घ्या. संस्थेने ती स्वतःकडे ठेवू नयेत, असा यूजीसीचा २०१८ पासूनचा नियम आहे.

बोलण्याची परीक्षा इंग्रजीत असते. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलींनी घाबरू नये, पण तयारी हवी. रोज वर्तमानपत्रातला एक विषय घेऊन घरातल्यांसमोर दोन मिनिटं उभं राहून बोला. लहान भावंडं हसली तरी चालेल. हिजाब किंवा धर्म यावर प्रश्न आलाच तर शांतपणे, थोडक्यात उत्तर द्या. वाद घालायची ती जागा नव्हे.

शेवटी पैशाचं. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींसाठी राज्याने २०२४ मध्ये जी शुल्कमाफी जाहीर केली, ती अभिमत विद्यापीठांना लागू नाही. म्हणजे लवासात पूर्ण फी घरातूनच जाणार, वर वसतिगृहाचा खर्च. तीन वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा. व्याजी कर्जाशिवाय तो जमत नसेल आणि व्याज घ्यायचं नाही असं घरात ठरलं असेल, तर सीईटी देऊन राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून बी.बी.ए. करण्याचा रस्ताही सोबतच चालू ठेवा. त्याच्या नोंदणीची तारीख वेगळी असते, ती आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.