रूपाने तत्सम, अर्थाने तद्भव

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याला टेकलेले आहेत. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. तिथल्या हिंदी माध्यमाच्या शाळेत 'शारीरिक शिक्षा' म्हणजे मैदानावरचा तास, ज्याची मुले आतुरतेने वाट पाहतात. डोंगराच्या अलीकडे, मराठी शाळेत, हेच दोन शब्द उच्चारले तर ते छडीविषयी असतात; आणि बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा जो कायदा २००९ साली झाला, त्याच्या सतराव्या कलमाने अशा शिक्षेला मनाई केलेली आहे. लिपी एक, अक्षरे एक, व्युत्पत्ती एक. आणि एकीकडे खेळ, तर दुसरीकडे गुन्हा.

हा विनोदाचा विषय आहे असे समजून आपण तो सोडून देतो. २००१च्या सुमारास 'सर्व शिक्षा अभियान' सुरू झाले तेव्हा 'म्हणजे आता सर्वांनाच शिक्षा का?' हा विनोद महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षक-कक्षात झाला असेल. पुढे २०१८ मध्ये ते अभियान 'समग्र शिक्षा' या योजनेत विलीन झाले, आणि विनोदाला नवे विशेषण मिळाले, इतकेच. योजनेचे नाव हे विशेषनाम, ते भाषांतरित करायचे नसते, असा बचाव यावर केला जातो. तो मला पटत नाही. २०२० साली केंद्रातील मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव हिंदीत 'शिक्षा मंत्रालय' झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी कोणालाही न विचारता 'शिक्षण मंत्रालय' असे लिहिले. त्याच वर्षीच्या 'शिक्षा नीति'चे आपण 'शैक्षणिक धोरण' केले. म्हणजे जिथे आपण थांबून विचार केला, तिथे जमले. शाळेच्या भिंतीवर मात्र अक्षरे ओळखीची दिसली म्हणून आपण थांबलो नाही.

माझा खरा आक्षेप मात्र आपल्याच वर्गातील एका स्पष्टीकरणाला आहे. 'शिक्षा' शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ अध्ययन. हिंदीने तो जपला, मराठीने तो बिघडवला, असे आपण विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. हे अर्धवट आहे. 'शिक्षा' हे 'शक्' धातूच्या इच्छार्थक रूपापासून आलेले नाम. समर्थ होण्याची इच्छा, हा त्याचा गाभा. सहा वेदांगांमध्ये 'शिक्षा' म्हणजे वर्णोच्चाराचे शास्त्र. तेव्हा मंत्रालये आणि परीक्षा मंडळे ज्या अर्थाने हा शब्द वापरतात तो हिंदी अर्थही पुष्कळ पुढे सरकलेलाच आहे. आणि 'बिघडवणारी' मराठी एकटी नाही. गुजरातीत शिक्षा म्हणजे दंडच. कानडीत 'शिक्षे', तेलुगूत आणि मल्याळममध्ये 'शिक्ष' म्हणजेही दंड. बंगालीत, ओडियात, पंजाबीत मात्र तो शब्द विद्येकडे झुकतो. तरीही बंगाली माणूस कोणाला 'उचित शिक्षा' देतो तेव्हा तो त्याला पुस्तक देत नसतो! हिंदीतला 'सबक' आणि आपला 'धडा' दोन्ही शाळेतलेच, पण ते 'शिकवले' जातात तेव्हा कोणाच्या तरी पाठीचा प्रश्न असतो. शिकवणे आणि शासन करणे यांतले अंतर आपल्या गुरुकुलांत आणि पंतोजींच्या शाळांत फारसे नव्हतेच. काही भाषांनी एक बाजू धरली, काहींनी दुसरी. मराठीने 'शिक्षण' आणि 'शिक्षा' असे दोन शब्द करून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. याला बिघाड म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

युरोपात लॅटिनच्या लेकींचीही हीच गत आहे. लॅटिनमध्ये 'लार्गुस' म्हणजे विपुल, उदार. त्याचा इटालियन 'लार्गो' म्हणजे रुंद. फ्रेंचमध्येही त्याचा वंशज रुंदच. स्पॅनिश 'लार्गो' मात्र लांब. फ्रेंचांकडून इंग्रजीत गेलेला 'लार्ज' म्हणजे नुसता मोठा. इटालियन माणूस माद्रिदला रस्ता विचारताना यावरून गोंधळेल, पण स्पॅनिशने लांबी-रुंदी उलटी केली म्हणून तिला उतारावरची भाषा ठरवण्याची गरज तिथल्या भाषाभ्यासकांना वाटत नाही. आपल्याकडे ती वाटते, कारण संस्कृत ही आपल्याला नुसती आई नसून परीक्षकही वाटते.

शाळेत तत्सम आणि तद्भव अशी विभागणी आपण पाठ करतो. ही वर्गवारी ध्वनिरूपाची आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते. 'हस्त' तत्सम आणि 'हात' तद्भव, कारण उच्चार बदलला. अर्थाचे काय? उच्चार तसाच ठेवून आतून पूर्ण बदललेल्या शब्दाला आपल्या व्याकरणात वेगळे नाव नाही. असे शेकडो शब्द रूपाने तत्सम आणि अर्थाने तद्भव आहेत. 'शिक्षा' हा संस्कृत पोशाखातला अस्सल मराठी शब्द आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याची किंमत मोजावी लागते ती 'अभिमान' या शब्दापाशी. आजच्या मराठीत अभिमान हा गुण आहे. आई मुलाला 'तुझा अभिमान वाटतो' म्हणते. दोष दाखवायचा तर आपल्याला त्याला उपसर्ग जोडून 'दुरभिमान' म्हणावे लागते, नाहीतर 'वृथा अभिमान' म्हणावे लागते. हिंदीत नुसता अभिमान बहुधा अहंकाराकडेच जातो. संतवाङ्मयातला 'देहाभिमान'ही त्याच बाजूचा, म्हणून आधुनिक मराठी घेऊन जुनी मराठी वाचणारा विद्यार्थी स्वतःच्याच भाषेत अडखळतो. आणि बंगालीत? तिथे अभिमान म्हणजे आपल्या माणसाने दुखावल्यावर मनात साचणारी, न बोलता दाखवली जाणारी व्यथा. परक्यावर तो करता येत नाही. आपला 'रुसवा' त्याच्या जवळ जातो, पण रुसव्यात थोडा खेळ आहे. 'मानभंग' म्हटले तर सारे दरबारी होऊन जाते.

मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले तेव्हापासून बंगाली कादंबरी आपल्या घरची झाली आहे. अशा कादंबरीतली एखादी बहीण अभिमानाने जेवणाचे ताट दूर सारते. अनुवादकाने शब्द तसाच ठेवला, तर मराठी वाचकापुढे एक ताठ, मानी स्त्री उभी राहते. बंगाली वाचकाने दुखावलेली स्त्री पाहिलेली असते. एका अक्षराचाही फरक न करता पात्र बदलून जाते, आणि संपादकाच्या नजरेतून हे सुटते, कारण पानावर चूक म्हणून दिसण्यासारखे काहीच नसते. हृषीकेश मुखर्जींच्या 'अभिमान' (१९७३) या चित्रपटाकडेही मला याच दृष्टीने पाहावेसे वाटते. हिंदी प्रेक्षकाला ती गायक नवऱ्याच्या अहंकाराची गोष्ट वाटते; दिग्दर्शक बंगाली होता हे ध्यानात घेतले की शीर्षकात त्या दोघांचे मुके दुखणेही ऐकू येऊ लागते.

'गर्व' या शब्दाने तर अभिमानाशी जागाच बदलली आहे. हिंदीत गर्व मिरवायचा असतो. मराठीत गर्वाचे घर खाली असते. आता शुभेच्छाफलकांवर, मोटारींच्या मागच्या काचांवर, समाजमाध्यमांवर मराठी असल्याचा 'गर्व' जाहीर केला जातो. स्वभाषेचा अभिमान सांगताना हिंदीचा अर्थ उसना घ्यावा लागावा, याची खंत मला शुद्धीच्या सोवळेपणातून वाटत नाही. भाषा एकमेकींकडून घेतच असतात. पण या देवघेवीत आपण एक शब्द गमावत आहोत. गर्व हा चांगला गुण झाला, तर 'गर्विष्ठ' कोणाला म्हणायचे आणि ती म्हण पुढच्या पिढीला कशी कळायची?

म्हणून या शब्दांचे काम विनोदापलीकडे नेऊन अभ्यासक्रमात आणावे असे मला वाटते, आणि त्यासाठी बुलढाण्यासारखी जागा नाही. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशातच होता. त्या राज्याचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून चालवण्याची तरतूद होती. सातपुड्यावरची आजची रेघ तेव्हा राज्याची सीमा नव्हतीच. डोंगराच्या दोन्ही अंगांना नाती आहेत, बाजार आहेत, दोन्ही भाषा बोलणारी माणसे आहेत. अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्या महाविद्यालयांतील मराठी आणि हिंदी विभागांनी मिळून एक साधे काम हाती घ्यावे. शिक्षा, अभिमान, गर्व यांच्याबरोबर चेष्टा, संसार, नीती, प्रवासी, यात्रा हे शब्द घ्यावेत आणि मलकापूरच्या बाजारात, जामोदच्या एसटी थांब्यावर, बऱ्हाणपूरच्या शाळेत ते कोणत्या अर्थाने चालतात याची वाक्यांसह नोंद करावी. कोशात पाहण्याआधी माणसांना विचारावे. 'संसार' शब्दापाशी मराठी आणि बंगाली एका घरात राहतात आणि हिंदी जगभर हिंडते, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले तर अनुवादाला बसल्यावर ओळखीचा शब्द दिसताच त्याचा हात क्षणभर थांबेल.