निवासी डॉक्टर : विद्यार्थी की वेठबिगार?

सार्वजनिक रुग्णालयाच्या बालरोग विभागात मध्यरात्री जो डॉक्टर खाटेपाशी उभा असतो, तो बहुधा विद्यार्थीच असतो. एम.बी.बी.एस. होऊन तीन वर्षांच्या एम.डी.साठी आलेला हा निवासी डॉक्टर एकाच वेळी शिकतो आणि राबतो. या दोहोंतील तोल सुटला म्हणजे हानी कोणाची होते, याचा विचार झाला पाहिजे.

मोठ्या माणसास आपले दुखणे सांगता येते. तान्ह्या मुलास केवळ रडता येते. श्वासाची गती, टाळूचा खळगा आणि आईचे बोलणे यांवरून निदानाची वाट शोधावी लागते. औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. दशांशचिन्ह एक घर सरकले तर ती दसपट होते. हा हिशेब अहोरात्र जागलेल्या माणसाने अचूक करावा, ही अपेक्षा शहाणपणाची आहे काय?

नियम नाहीत असे नव्हे. सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे व आठवड्याला एक सुटी मिळावी, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेने सांगितले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत मात्र ‘वाजवी’ तास व ‘वाजवी’ विश्रांती एवढेच शब्द आले. २०२४ साली आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. अनेक रुग्णालयांतील अनुभव या कागदांहून अगदी निराळा आहे.

जुने गुरुजन म्हणतात, ‘आम्ही असेच शिकलो, आजार चढतो कसा, उतरतो कसा, हे खाटेपाशी बसल्यावाचून कळत नाही.’ या म्हणण्यात तथ्य आहे. पाळ्या आखूड झाल्या की मूल अनेक हातांतून जाते, आणि सांगायचे राहून जाण्याचा धोका वाढतो. तथापि त्यावर उपाय आहे. अमेरिका व कॅनडा येथील नऊ रुग्णालयांतील बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना पाळी बदलताना रुग्ण सोपविण्याची शिस्त शिकविण्यात आली : आजार किती गंभीर, आजवर काय झाले, पुढे काय करायचे, काय बिघडू शकेल, आणि ऐकणाऱ्याने ते सारे उलट सांगायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी व टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या. वेळ लागला तो दर रुग्णामागे पूर्वीइतकाच, सुमारे अडीच मिनिटे.

अधिक डॉक्टर नेमण्यास पैसा लागेल, आणि सरकारने तो द्यावा. परंतु ही शिस्त लावण्यास कोट्यवधींची तरतूद नको. प्राध्यापकांनी पाळीबदलाच्या वेळी जातीने उभे राहावे, त्यालाच पाठ मानावे आणि परीक्षेतही त्यास स्थान द्यावे. कामाच्या तासांची मर्यादा आकड्यांत बंधनकारक करून प्रत्येक विभागाचे वेळापत्रक भिंतीवर लावावे, म्हणजे नियम मोडला तर तो सर्वांना दिसेल. स्वस्त मजूर म्हणून विद्यार्थ्याला राबविण्याची ही सोय सरकारला परवडत असेल; खाटेवरील मुलाला ती परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.