किमोआधी तरुणाला विचारा



किमो सुरू करण्याआधी 'पुढे मूल हवंय का' हे तरुण रुग्णाला विचारणं डॉक्टरांवर बंधनकारक करावं, एवढ्यासाठी हे पत्र.

पुण्यातली 2018 ची घटना अनेकांना आठवत असेल. जर्मनीत शिकायला गेलेल्या एका मराठी तरुणाला मेंदूचा कर्करोग झाला. उपचारांआधी तिथल्या डॉक्टरांनी त्याला वीर्य गोठवून ठेवायचा सल्ला दिला. 2016 मध्ये तो गेला. आईने ते वीर्य पुण्यात आणलं आणि सह्याद्री रुग्णालयाच्या मदतीने, सरोगसीतून तिला जुळी नातवंडं झाली. चर्चा झाली ती आईच्या जिद्दीची. मला अप्रूप वाटतं ते त्या डॉक्टरांचं. तोच मुलगा आमच्या कासारवाडीत राहत असता, तर त्याला कुणी विचारलं असतं?

माझ्या भाच्याला नाही विचारलं. चाकणला कंत्राटी कामगार, वय 24, लिम्फोमा. सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर केस गळणं, उलट्या वगैरे ठळक. 'प्रजननक्षमतेवर परिणाम' तळाशी, बारीक अक्षरांत. आई शेजारीच उभी. तिच्यादेखत पोरगा काय बोलणार!

सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांनी शुक्राणू तयार होणं कायमचं थांबू शकतं. सगळ्यांचं थांबत नाही, काहींचं काही वर्षांनी पुन्हा सुरू होतं. पण कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही. नमुना द्यायला मात्र बहुतेकदा एक-दोन दिवस पुरतात, आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये तो वर्षानुवर्षं टिकतो. शुक्राणू थोडेच असले तरी इक्सीचा, म्हणजे शुक्राणू थेट बीजात सोडण्याचा मार्ग आहे. त्यात एका बीजासाठी एकच लागतो. म्हणून 'आधी जीव वाचवू, मुलाबाळांचं नंतर' हे मला पटत नाही. नंतर उशीर झालेला असतो, आणि तोवर लग्न झालं असेल तर आपल्याकडे तपासण्या आधी सुनेच्या होतात.

अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा विषय रुग्णाशी बोलावा असं 2006 मध्येच सांगितलं. इथे वीर्य गोठवण्याच्या खर्चाला आरोग्य विमा 'वंध्यत्व' म्हणून सर्रास हात वर करतो. निदान वायसीएम रुग्णालयातून कर्करोगाचा तरुण रुग्ण पुढे पाठवताना पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिठ्ठीवर एक रकाना छापावा: विचारलं का, आणि नातेवाइकांना बाहेर बसवून विचारलं का? गोठवण्याचा निम्मा खर्च जरी पालिकेने उचलला, तरी उरलेल्याचं आम्ही घरचे बघू.

– एक वाचक, कासारवाडी