पदकाची मागची बाजू

बंगालच्या फौजेतील हिंदी शिपायांची जी तुकडी पेशव्यांशी चाललेल्या युद्धासाठी काल्पीहून कूच करून निघाली, आणि वाटेत तिचा इंग्रज सेनानी लेस्ली मरण पावल्यावर त्याच्या जागी आलेल्या गॉडर्डच्या हाताखाली बऱ्हाणपुरावरून मजल दरमजल करीत 1779 च्या फेब्रुवारीत सुरतेस दाखल झाली, त्या तुकडीच्या शिपायांना कंपनी सरकारने पुढे एक पदक बहाल केले. सुरतेच्या इतिहासात लुटींची आणि वखारींची वर्णने आपण ज्या आवडीने करतो, तिच्या शतांशानेही या पदकाची वास्तपुस्त होत नाही.

हिजरी 1199 हे साल मिरविणारे हे पदक हुद्द्यानुसार सोन्याचे वा रुप्याचे असे आणि पिवळ्या रेशमी गोफात ओवून गळ्यात घातले जाई. दर्शनी बाजूस शस्त्रास्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया विजयमाला धरलेला हात एका किल्ल्याकडे पुढे करते, किल्ल्यावर इंग्रजी निशाण आहे. आणि पाठीमागे, फारशी अक्षरांत, हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत विजयी झालेल्या इंग्रजांच्या शौर्याचा गौरव. हे पदक गोऱ्या शिपायांसाठी नव्हतेच. घालणारे सारे हिंदी, गौरव सारा इंग्रजांचा. आणि ज्याच्या छातीवर तो गौरव रुळला त्याचे नाव त्या मजकुरात नाही. कंपनीच्या व्यवहारचातुर्याला हे शोभेसेच होते.

याच्या शेजारी ठेवून पाहावे असे दुसरे एक युद्धस्मारक पोलंडचे आहे. रशियाने 1940 च्या सुमारास पूर्व पोलंडातून उचलून सायबेरियाच्या आणि उत्तरेच्या छावण्यांत टाकलेल्या लोकांतून जनरल अँडर्स यांनी फौज उभी केली, ती 1942 साली इराणमार्गे बाहेर काढली, आणि त्याच फौजेतून घडलेल्या दुसऱ्या पोलिश कोअरने 18 मे 1944 रोजी इटलीतील मोन्ते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर आपले निशाण लावले. त्याच वर्षी जुलैत सरसेनापती सोस्नकोव्स्की यांच्या हुकुमाने या लढाईचा स्मृतिक्रूस स्थापन झाला, आणि तो घडविला गेला तोही परमुलखात, पॅलेस्टाइनमध्ये. कारण स्वतःच्या भूमीवर पोलंडच्या परागंदा सरकारची टांकसाळ तर सोडाच, चौकीदेखील उरली नव्हती. समान बाहूंचा साधा काशाचा क्रूस, त्यावर स्थळाचे नाव, महिना आणि साल. राजा नाही, देवी नाही, किल्ला नाही. पाठीवर मात्र प्रत्येक क्रूसाचा वेगळा क्रमांक ठोकलेला, आणि 48 हजारांहून अधिक सैनिकांस ते दिले गेले.

छावण्यांत ज्यांनी कैद भोगली त्यांना पुन्हा क्रमांकच द्यावा, यात औचित्य कोणते, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु या क्रमांकामागे एका माणसाचे नाव लिहिलेले आहे, आणि ज्यांचे गाव पुढे याल्टाच्या वाटाघाटींत दुसऱ्याच्या हद्दीत गेले त्यांच्यापाशी, आपण कोण आणि कोठे लढलो, याचा तेवढाच एक दाखला शिल्लक राहिला. माझ्या मते पदकाची खरी प्रतिष्ठा पुढच्या चित्रात नसून या मागच्या नोंदीत असते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. ज्या पोलिश सैनिकांनी हा क्रूस मिळविला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बायकामुलांचा मुक्काम 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे होता. सुमारे पाच हजार माणसांची ती वसाहत करवीर संस्थानाच्या आश्रयाने वसली होती. आणि इकडे मराठा पलटणीही त्याच इटलीत झुंजत होत्या: माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु घाडग्यांचे नाव राहिले म्हणून इतरांचेही राहिले असे नव्हे.

खानदेशातून आणि देशावरून येऊन सुरतेच्या लिंबायत, उधना या भागांत स्थायिक झालेल्या मराठी घरांत पणज्याचे एखादे पदक ट्रंकेच्या तळाशी असणे अशक्य नाही. पहिल्या महायुद्धाचे रुप्याचे पदक असेल तर त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. सराफाच्या पेढीवर ते वजनाने जाते, कड कोणी वाचत नाही. तापीकाठच्या किल्ल्यात महापालिकेने संग्रहालय उभारले आहे, तेथे गॉडर्डच्या शिपायांच्या पदकाची निदान प्रतिकृती, फारशी मजकुराच्या गुजराती व मराठी अर्थासह, मांडली जावी. आणि तिच्याजवळ एक नोंदवही ठेवून, ज्यांच्या घरी अशी पदके असतील त्यांच्याकडून कडेवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला जावा. पदके त्यांच्या त्यांच्या घरीच राहोत, सरकारजमा करण्याचे काही कारण नाही.